‘बिघडलंय’ म्हणजे नेमके काय?

आमच्या वडगावच्या गल्लीत मला हल्ली ‘कॉम्प्युटरवाली’ म्हणून ओळखतात. ही पदवी मला कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नाही. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि पी.यू.सी.ला गेल्यावर डेबिट-क्रेडिटचे इंग्रजी ऐकत पहिले दोन महिने नुसती मान डोलावली. पण गल्लीत कोणाचा लॅपटॉप अडला, की निरोप माझ्याकडे येतो. निरोपाचे शब्दही ठरलेले. मराठी घरातून आला तर, “बिघडलंय बघ की गं जरा.” कन्नड घरातून आला तर, “केट्टैति, नोड बा.” दोन्ही भाषांत अर्थ एकच, आणि दोन्ही भाषांत माहिती शून्य. काय बिघडले, केव्हा बिघडले, बिघडण्याआधी कोणी कशाला हात लावला होता, यातले काहीच त्या वाक्यात नसते. बरे, जाऊन पाहावे तर पडद्यावर इंग्रजीत लिहिलेले असते, ‘समथिंग वेंट राँग’. म्हणजे तिसऱ्या भाषेतही तेच! आपल्या या सीमाभागात तीन भाषा नांदतात याचा आपल्याला अभिमान आहे; पण यंत्र अडले की तिन्ही भाषा एकाच वाक्यावर येऊन थांबतात.

माझे म्हणणे असे आहे की, यंत्र अडते त्याहून आधी आपला विचार अडतो. आणि तो पुन्हा चालू करण्याची विद्या आपल्या कॉमर्सच्या वर्गात पहिल्याच वर्षी शिकवली जाते. फक्त ती तिथलीच आहे, अशी आपली समजूत असते. हे मला कळले त्याची थोडी किंमत आमच्या घराला मोजावी लागली. ती गोष्ट आधी सांगते.

माझे आजोबा जवळजवळ चाळीस वर्षे पॉवरलूमवर होते. मागांच्या खोलीत ज्याने एक तास काढला असेल त्याला सांगायला नको की त्या खडखडाटात माणूस बोलत नाही, ओठ हलवतो. आजोबांचे कान त्या खडखडाटाने नेले. पण ओठ वाचण्याची सवय तेवढी देऊन ठेवली. कानात घालायचे यंत्र घेतले आहे. ते फोन जवळ नेला की शिट्टी वाजवते. त्यामुळे बडोद्याला असलेल्या माझ्या आत्याशी त्यांचे बोलणे फोनवर होत नाही. दर रविवारी संध्याकाळी लॅपटॉप टेबलावर मांडायचा, दादाने नोकरीला जाताना मागे ठेवलेला, आणि त्याच्या मोठ्या पडद्यावर आत्याने सावकाश बोलायचे. आजोबा तिचे ओठ वाचतात. मोबाइलच्या चार बोटांच्या चित्रात त्यांना ते जमत नाही. डोळेही आता पहिल्यासारखे राहिलेले नाहीत.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. इंटरनेटचा वेग कमी पडला की ही बोलण्याची ॲप्स बहुधा आधी आवाज सांभाळतात आणि चित्राचा बळी देतात. जाणकारही सल्ला देतात, ‘व्हिडिओ बंद करा, म्हणजे आवाज नीट येईल.’ सर्वसाधारण माणसासाठी हा हिशोब बरोबरच आहे. पण आमच्या घरात तो उलटा. आवाज नसला तरी आजोबांचे काही अडत नाही. चित्र गोठले की संभाषण संपले. एकाच बिघाडाची किंमत दोन घरांत सारखी नसते, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवले.

तर २०२५ च्या पावसाळ्यातील एका रविवारी हे ॲप चालेनासे झाले. बटण दाबले की एक वर्तुळ गरगर फिरे आणि थोड्या वेळाने इंग्रजीत सूचना येई की जोडणी होऊ शकत नाही, आपले इंटरनेट तपासावे. त्याच वाय-फायवर माझ्या मोबाइलवर सगळे सुरळीत होते. मी लॅपटॉप बंद करून चालू केला. पुन्हा तेच. पुन्हा बंद, पुन्हा चालू. आजोबा धुतलेला शर्ट घालून समोर बसलेले. “काय करूलालीस गं?” त्यांनी विचारले. मी ओठ हलवून म्हटले, “बिघडलंय.” पाहा, गल्लीवाल्यांना नावे ठेवणारी मी, वेळ आल्यावर माझ्याही तोंडून तोच शब्द निघाला.

सोमवारी मी लॅपटॉप एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्यांनी सांगितले की फॉरमॅट करावा लागेल, सहाशे रुपये. “आतलं काही ठेवायचं आहे का?” असेही विचारले. मला कॉलेजला उशीर होत होता. मी म्हटले, “काही नाही त्यात.” दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घरी आला, ॲप चालू झाले, रविवारी आत्या दिसली. सगळे खूश. पुढे दहा-बारा दिवसांनी आईने आजीचे पंढरपूरचे फोटो मागितले. आजी जाण्याच्या आधीच्या वर्षी आम्ही सगळे गेलो होतो ते. ते फोटो दादाने त्याच लॅपटॉपवर उतरवून ठेवले होते, आणि दुसरीकडे कोठेही नव्हते. दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याने विचारले होते. उत्तर मी दिले होते.

आणि ज्या उपायासाठी हे सगळे गेले, तो उपाय तरी खरा होता काय? दोन रविवार गेले आणि ॲप पुन्हा बंद पडले. तेच वर्तुळ, तीच सूचना. दुकानदार या वेळी म्हणाला, “बोर्ड गेलाय. यात पैसे घालू नका, नवीन घ्या.” नवीन! आमच्या घरात तो विषय तिथेच थांबला.

मग मीच हात घातला, आणि शहाणपणाने नव्हे तर रागाने. ॲप काढून टाकले, म्हणजे नव्याने घालता येईल. पण नव्याने उतरवून घेण्यासाठी ब्राउझर उघडला, तर एकही पान उघडेना. पडद्यावर एक वाक्य आले, ‘युअर क्लॉक इज बिहाइंड’. माझ्या मराठी माध्यमाच्या डोक्याने त्याचे जे भाषांतर केले ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. ‘तुमचे घड्याळ मागे आहे.’ मी खरोखरच मागे वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले! ते बिचारे चालू होते. सातला दहा कमी.

नंतर नजर गेली ती पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात. तिथे तारीख होती, १ जानेवारी २०१५.

मोबाइल हातात असताना लॅपटॉपचे घड्याळ बघतो कोण? तारीख दुरुस्त केली आणि पाच मिनिटांत आत्या बडोद्याहून हसत समोर आली. तेव्हा मला आनंद झाला. पण त्याहून अधिक आश्चर्य वाटले. तारखेचा आणि चेहरा दिसण्याचा संबंध काय?

संबंध असा, आणि तो कॉमर्सच्या विद्यार्थ्याला चटकन पटेल. आपला लॅपटॉप दूरच्या संगणकाशी बोलू लागण्याआधी त्याचे ओळखपत्र तपासतो. समोरचा तोच आहे ना, मध्येच कोणी तोतया नाही ना, याची खात्री त्यावरून होते. या प्रमाणपत्रावर धनादेशासारख्याच तारखा असतात, अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत. आपल्याकडे १ एप्रिल २०१२ पासून धनादेश लिहिल्या तारखेपासून तीन महिनेच चालतो, त्यापूर्वी सहा महिने चालत असे. या प्रमाणपत्रांची मुदतही अशीच आखडत चालली आहे. सप्टेंबर २०२० पासून ती जास्तीत जास्त ३९८ दिवस करण्यात आली, आणि २०२५ साली असे ठरले की टप्प्याटप्प्याने कमी करीत २०२९ पर्यंत ती ४७ दिवसांवर आणायची. आता कल्पना करा, बँकेतील कारकुनाच्या मते आज २०१५ साल आहे आणि आपण त्याच्या हाती आजच्या तारखेचा धनादेश देतो. तो काय म्हणेल? ‘हा पुढच्या तारखेचा आहे, वटणार नाही.’ कारकून अप्रामाणिक नाही, धनादेशही खोटा नाही, खात्यात पैसेही आहेत. भिंतीवरचे कॅलेंडर तेवढे चुकीचे. आमच्या लॅपटॉपने दहा-बारा दिवस हेच केले. इंटरनेट होते, कॅमेरा होता, ॲप चांगले होते. आणि सूचना येत होती, ‘इंटरनेट तपासा’.

परंतु गोष्ट येथेही संपली नाही. दोन दिवसांनी वीज गेली, आली, आणि तारीख पुन्हा २०१५! म्हणजे मी लक्षण दुरुस्त केले होते, कारण नाही. आमच्या लॅपटॉपची मोठी बॅटरी कधीच निकामी झालेली, तो फक्त भिंतीतल्या विजेवर चालतो. पण तारीख-वेळ जपण्यासाठी आत एक लहानशी गोल बॅटरी निराळी असते, हे मला आमच्या कॉलेजच्या संगणक कक्षातील सहायकांनी दाखवले. सी.आर. २०३२ हे तिचे नाव. नावातच तिचे माप आहे, व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. रुपयाच्या नाण्यासारखी दिसते. ती संपली होती. वीज गेली की लॅपटॉप काळाचे भान हरपे आणि कारखान्यात दिलेल्या तारखेला जाऊन बसे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे बेळगावच्या वाचकांना सांगायला नको. दुकानात फॉरमॅट करताना तारीख नवी घातली गेली, म्हणून ॲप चालले. पुढची वीज जाईपर्यंत. श्रेय मात्र फॉरमॅटला मिळाले, आणि फोटो गेले.

नवी बॅटरी पन्नास रुपयांच्या आत आली.

हे सगळे झाल्यावर मला आमच्या सरांचा पहिल्या वर्षाचा तास आठवला. आमचे सर ट्रायल बॅलन्सला अजूनही ‘तेरीज’ म्हणतात. तेरीज जुळली नाही तर आपण काय करतो? सगळी किर्द फाडून नव्याने लिहीत नाही. आधी फरक किती ते पाहतो. त्याचा निम्मा आकडा कुठे दिसतो का पाहतो, कारण अडीचशेची रक्कम नावेऐवजी जमेला गेली तर फरक पाचशेचा येतो. फरकाला नऊने भाग जातो का पाहतो, कारण ५४० चे ४५० लिहिले गेले तर फरक नव्वदाचा येतो. म्हणजे चूक शोधण्याआधी चुकीचा आकार पाहायचा, आणि त्या आकाराची चूक कोणत्या खोलीत राहत असेल याचा अंदाज करायचा. आणि सरांनी हेही सांगितले होते की तेरीज जुळली म्हणजे चूक नाही असे समजू नका. दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. आणि त्याच मी, ॲप चालू झाले म्हणताच दोष गेला असे धरून चालले!

व्हिडिओ कॉल म्हणजे तरी काय? माझ्या चेहऱ्यापासून आत्याच्या डोळ्यांपर्यंत एक लांब खतावणी. कॅमेरा, कॅमेरा वापरण्याची परवानगी, ॲप, वाय-फाय, घरातील राउटर, बाहेरची तार, दूरचा संगणक, आणि मग हीच साखळी तिच्या घरी उलटी. एवढ्या खात्यांतून एक रक्कम चुकली आहे. सगळीच खाती तपासत बसायची गरज नाही. मध्यावर घाव घालावा. घरचे वाय-फाय सोडून मोबाइलच्या इंटरनेटवर लॅपटॉप जोडून पाहावा. चालला, तर दोष घरच्या जोडणीत. नाही चालला, तर त्या बाजूला पुन्हा पाहायचेच कारण नाही. ॲपऐवजी ब्राउझरमधून तीच सेवा उघडून पाहावी. तिथे चालली तर दोष ॲपमध्ये. लॅपटॉपचा स्वतःचा कॅमेऱ्याचा कार्यक्रम उघडावा. त्यात आपले तोंड दिसले तर कॅमेरा ठणठणीत आहे. ॲपला तो वापरण्याची परवानगी नाही, किंवा दुसऱ्याच एखाद्या कार्यक्रमाने तो धरून ठेवला आहे. काही लॅपटॉपांच्या कॅमेऱ्यावर सरकवायची इवलीशी खिडकी असते. ती लावलेली आहे का हेही पाहावे. हसू नका, मी एकदा एका घरी तेवढेच करून चहा आणि शंकरपाळी मिळवली आहे. आणि सर्वांत सोपी गोष्ट, तिसऱ्याच कोणाला तरी कॉल लावून पाहावा. तो लागला तर बिघाड आपल्याकडे नाहीच, आत्याकडे आहे. प्रत्येक परीक्षेत निम्मे मैदान मोकळे होते.

यात एक पथ्य मात्र कडक पाळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि काय बदलले ते कागदावर लिहावे. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झाले, तर आपल्या हाती ॲप येते, ज्ञान येत नाही. पुढच्या वीज जाण्याला पुन्हा तेच. खाडाखोड न करता दुरुस्तीची स्वतंत्र नोंद करावी हा किर्दीचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो.

शेजारच्या अक्कांचे प्रकरण यानंतरचे. त्यांचा मुलगा हुबळीला असतो. तो सुट्टीला घरी आला आणि परत गेला, तेव्हापासून त्यांच्या लॅपटॉपवर चित्र येई, आवाज येत नसे. त्या पडद्याला तोंड लावून ओरडत, “केळस्तैतेन? केळस्तैतेन?” आणि मुलगा तिकडून मान हलवी, ऐकू येते म्हणून. मी विचारले, “अक्का, तो घरी असताना काय वापरत होता?” त्या म्हणाल्या, कानाला लावायचे बिनवायरचे काहीतरी. ते ‘काहीतरी’ तो घरीच विसरून गेला होता. शेजारच्या खोलीत, चार्जिंगला लावलेले. लॅपटॉप आपल्या परीने इमानदारीने मुलाचा सगळा आवाज त्या खोलीत, त्या टेबलावर, कोणीही न घातलेल्या हेडफोनमध्ये पोहोचवत होता! अक्कांनी तो कानाला लावून पाहिला आणि आधी घाबरल्या, मग हसत सुटल्या. येथे मी काहीच दुरुस्त केले नाही. ‘केट्टैति’ या शब्दाच्या पुढे एक प्रश्न विचारला, एवढेच.

आणि कधी कधी बिघाड कोठेच नसतो. २००३ साली सुरू झालेली स्काइप ही सेवा ५ मे २०२५ रोजी बंद करण्यात आली. त्यानंतर कोणी स्काइप उघडेना म्हणून लॅपटॉप पुसून काढला असेल, तर त्याने ज्या घरात कोणी राहत नाही त्या घराची कडी वाजवली. १९६४ साली अमेरिकेत न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन चेहरा पाहत तीन मिनिटे बोलण्याची सोय निघाली तेव्हा तिचे सोळा डॉलर पडत. लोकांना ते परवडले नाही आणि ती चालली नाही. तेव्हाही यंत्र चांगलेच होते. तेव्हा ही सेवा अजून चालू आहे का, हा प्रश्न स्क्रू काढण्याच्या आधीचा आहे.

आता आपल्या अभ्यासक्रमाविषयी दोन शब्द लिहिले तर प्राध्यापकवर्गाने राग मानू नये. संगणकाच्या पेपरात आम्ही संगणकाच्या पिढ्या पाठ केल्या. पहिली पिढी निर्वात नळ्यांची, दुसरी ट्रान्झिस्टरची. एनियाक १९४६ साली जगापुढे आला हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. पण ज्या दिवशी आजोबा शर्ट घालून समोर बसले होते, त्या दिवशी एनियाक माझ्या कामी आला नाही. माझी सूचना साधी आहे. संगणक कक्षातील दोन-चार यंत्रांत सरांनी मुद्दाम दोष घालून ठेवावेत. एकाची तारीख मागे, एकाच्या कॅमेऱ्याची परवानगी काढलेली, एकाचा आवाज भलतीकडे वळवलेला. विद्यार्थ्याने अर्ध्या तासात दोष शोधावा आणि कसा शोधला ते लिहावे. सापडला नाही तरी चालेल, पण काय काय वगळले ते लिहिता आले पाहिजे, आणि गुण त्याला असावेत. ते लिहिणे मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत, ज्याला जसे साधेल तसे. कारण ‘काय होत आहे’ हे स्वतःच्या भाषेत धड सांगता आले नाही, तर ते कोणत्याच भाषेत सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, आम्ही कॉमर्सचे, हे मेकॅनिकचे काम. माझे उत्तर असे की, उद्या आपण ज्या पेढीत, बँकेत, पतसंस्थेत बसणार आहोत तिथे मेकॅनिक रोज नसतो, आणि अडलेले यंत्र रोज असते. दुसरे कोणी म्हणेल, आता मोबाइललाच विचारले की तो सगळे सांगतो. सांगतो की! पण त्यालाही लक्षणे सांगावी लागतात. मी त्याला आधी विचारले होते, ‘व्हिडिओ कॉल लागत नाही, काय करू?’ त्याने तब्बल चौदा उपाय सांगितले. नंतर विचारले, ‘लॅपटॉपची तारीख २०१५ झाली आहे, वीज गेली की पुन्हा होते’, तेव्हा त्याने पहिल्याच ओळीत बॅटरीचे नाव घेतले. फरक त्याच्या बुद्धीत पडला नव्हता.

एक आक्षेप मात्र मला स्वतःलाच छळतो. सूचना देणाऱ्यांची काहीच जबाबदारी नाही काय? ‘इंटरनेट तपासा’ असे सांगून आमच्या घराला दहा दिवस भलत्या वाटेला लावणारे ते वाक्य कोणी तरी लिहिलेच असेल ना? ‘तुमच्या लॅपटॉपवर आजची तारीख चुकीची आहे’ एवढे वाक्य मराठीत, कन्नडमध्ये लिहिणे अवघड नाही. पण हल्ली जी मराठी पडद्यावर दिसते ती वाचून मला पुष्कळदा मूळ इंग्रजी बरे वाटते, आणि हे मी मराठी माध्यमाची असून लिहिते आहे. शब्द मराठी असतात, वाक्य मराठी नसते. ती वाक्ये लिहिणाऱ्याने कधी कोणाच्या आजोबांसमोर लॅपटॉप मांडलेला नसावा. आपल्या मराठी आणि कन्नड विभागांतून बाहेर पडणाऱ्या काही विद्यार्थ्यांना पुढे हे काम मिळाले, तर निदान आमच्या गल्लीला तरी त्याचा उपयोग होईल.

आजोबांना मी हे सगळे प्रकरण पाटीवर लिहून समजावले होते. घड्याळ, प्रमाणपत्र, बॅटरी, सगळे. त्यांनी शांतपणे वाचले आणि म्हणाले, “माग अडला की आम्ही अख्खा माग उसकटत नव्हतो. तुटलेला धागा शोधायचो.” आणि मग थोडे थांबून, “मला आधी दाखवलं असतंस तर?” त्यांना संगणकातले ओ की ठो कळत नाही. पण ते पडद्यासमोर बसलेले असतात, आणि कोपऱ्यातली तारीख त्यांनी नक्की वाचली असती. मला एवढेच दिसले होते की त्यांना ऐकू येत नाही.

आजीचे फोटो गेले ते गेले. आत्याच्या फोनमध्ये त्यातले दोन सापडले, चंद्रभागेच्या वाळवंटातले. एकात आजीचे डोळे मिटलेले आहेत. तोच आईने मोठा करून घेतला आहे.

परवाच्या रविवारी वीज दोनदा गेली. लॅपटॉप सुरू केला, तारीख बरोबर होती, आत्याही पहिल्या झटक्यात दिसली. ती आजोबांकडे निरखून पाहत सावकाश, ओठ मोठे करून म्हणाली, “अप्पा, दाढी केव्हा केलीत?” आजोबांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि गंभीरपणे म्हणाले, “चित्र अडकलं वाटतं गं. परत बिघडलंय बघ.”